चौकटींची गती आणि नायकाचे तेज

दिवाळी सरली आणि धानाची कापणी उरकत आली, की गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी या तालुक्यांत मंडईचा आणि शंकरपटाचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच सुमारास देसाईगंज-वडसा येथून निघालेल्या झाडीपट्टीच्या नाट्यमंडळ्या गावोगाव रात्रभराचे प्रयोग लावू लागतात. फलकावर मुंबई-पुण्याकडील एखाद्या सिनेकलावंताचे नाव ठळक अक्षरांत असले तर गर्दी वाढते, हे मंडळींच्या चालकांना पक्के ठाऊक असते. परंतु पहाटेपर्यंत मांडी घालून बसलेला प्रेक्षक ज्याच्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा येतो, तो नट बहुधा याच झाडीच्या मुलखात वाढलेला असतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीचा मान मिळाला, तो अशाच रंगमंचावर घालवलेल्या आयुष्याचा मान होता.

या रंगभूमीचा दाखला मी मुद्दाम देत आहे, कारण गेल्या दहा-बारा वर्षांत चित्रपटसृष्टीत जो एक वाद उपस्थित झाला आहे, त्याचे उत्तर मला येथे सापडते. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीने टिपावा आणि दाखवावा, ही जवळजवळ शंभर वर्षांची वहिवाट. ती मोडून अठ्ठेचाळीस, साठ किंवा एकशेवीस चौकटी वापरल्या, तर दृश्य अतिशय स्वच्छ आणि प्रत्यक्षवत दिसते. मात्र त्या स्वच्छतेत मारधाडीच्या चित्रपटांतील नायकाचे तेज मावळते, अशी तक्रार समीक्षकही करतात आणि सामान्य प्रेक्षकही. तक्रारीत तथ्य आहे. पण तिचा रोख चुकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्या काळात सेकंदाला सुमारे सोळा चौकटी हा प्रघात होता, आणि तोही छायालेखकाच्या मनगटाच्या स्वाधीन. त्याने हात जरा सावकाश चालवला, की तेच चित्रण नेहमीच्या गतीने दाखवताना पात्रे विलक्षण चपळ भासत. नायकाच्या चपळाईत यंत्राची ही भागीदारी तेव्हापासूनची आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले आणि पुढे शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांनी देशभर गाजलेले मास्टर विठ्ठल हे त्या युगाचे मराठी दैवत. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि नायकपद त्यांनाच मिळाले. परंतु बोलपटाने नटाकडून वाणीची मागणी केली, आणि हिंदुस्थानी उच्चार साधत नाहीत म्हणून त्यांच्या भूमिकेतील संवाद आखूड करावे लागले. ध्वनिपट्टीला स्थिर आणि पुरेशी गती हवी, एवढ्या तांत्रिक कारणासाठी चोवीस हा आकडा रूढ झाला होता. तरी त्या एका कारणाने किती नटांचे भवितव्य पालटले!

आता चोवीस चौकटींचे रहस्य पाहू. समजा, एक मूठ सेकंदाला दहा मीटर वेगाने निघाली आहे. एका चौकटीतून दुसरीत पोहोचेपर्यंत ती सुमारे बेचाळीस सेंटीमीटर पुढे जाते, आणि त्यातला निम्मा वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी असल्यामुळे प्रत्येक चौकटीत मुठीऐवजी तिची पुसट रेघ उमटते. गालापासून वीतभर अंतरावरून गेलेला ठोसा प्रेक्षकाला बसल्यासारखा वाटतो, तो या रेघेच्या कृपेने. एकशेवीस चौकटींत हेच अंतर जेमतेम आठ सेंटीमीटर उरते. मूठ मूठच दिसते, ती कोठून गेली हे दिसते, आणि नायकाच्या जागी उभा केलेला बदली माणूसही त्याच्या खांद्यांवरून ओळखू येतो. रंगभूषेचे थरही लपत नाहीत. आंग ली या दिग्दर्शकाने २०१६ साली ‘बिली लिन’ची कथा एकशेवीस चौकटींनी चित्रित केली, तेव्हा नटांची रंगभूषा जवळजवळ वर्ज्य करावी लागली होती. तो चित्रपट संपूर्ण योजिलेल्या स्वरूपात दाखवू शकतील अशी चित्रपटगृहे साऱ्या जगात अवघी पाच निघाली.

पीटर जॅक्सन यांचा २०१२ मधील ‘द हॉबिट’ अठ्ठेचाळीस चौकटींचा होता, आणि त्यातील राजवाडे लाकूड-रंगाचे आहेत हे लोकांच्या ध्यानी आले. आंग ली यांनीच २०१९ साली ‘जेमिनी मॅन’मध्ये विल स्मिथ या विख्यात नटासमोर संगणकाने घडवलेला तरुण विल स्मिथ उभा केला, एका तिकिटात एकाच नटाच्या दोन प्रतिमा देऊनही तिकीटबारीवर निराशाच पदरी पडली. मला या अपयशाचे आश्चर्य वाटत नाही. स्वच्छ दृश्याचा अंमल सुरू झाला की नायकाने स्वतः काय केले याचा हिशेब प्रेक्षक मागू लागतो, आणि तेथे संगणकाने दिलेले तारुण्य जमेस धरले जात नाही.

परंतु या हिशेबाची एक भयंकर बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला मान्य नाही. खरे दिसावे म्हणून खरे मारावे, असा आग्रह सुरू झाला तर किंमत नटाच्या शरीराला द्यावी लागते. अमरावतीत जन्मलेले मास्टर भगवान हे साहसपटांचे लाडके नट. १९४२ साली एका चित्रणात त्यांच्या हातून ललिता पवार यांना जोराची थप्पड बसली, चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचे वैगुण्य राहिले. नायिकेच्या भूमिकांचा मार्ग त्या एका आघाताने बंद झाला. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांतून त्यांनी जे कर्तृत्व गाजवले ते त्यांचे स्वतःचे. तेवढ्याने त्या थपडेचे समर्थन होत नाही.

म्हणूनच मला झाडीपट्टीचा रंगमंच महत्त्वाचा वाटतो. तेथे चौकटी नाहीत, पुसट रेघ नाही, बदली माणूस नाही. पुढच्या रांगेतील प्रेक्षक नटापासून चार हातांवर असतो आणि खलनायकाची काठी नायकाच्या पाठीवर टेकत नाही हे तो उघड्या डोळ्यांनी पाहतो. तरीही मंडप श्वास रोखून धरतो, कारण न बसलेला तो घाव नायकाच्या मणक्यातून, गुडघ्यातून, तुटलेल्या स्वरातून प्रकट होतो. दंडार आणि खडी गंमत या लोकप्रकारांतून पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली ही विद्या आहे. ती ज्याच्या अंगी आहे, त्याला सेकंदाला एकशेवीस चौकटींचे भय बाळगण्याचे कारण नाही. ज्याचे तेज केवळ पुसटपणाने सांभाळले होते, त्याचे मात्र ते जाणार, आणि जावे.

जेम्स कॅमेरॉन यांनी २०२२ च्या ‘अवतार’मध्ये पाण्यातील व धावपळीतील दृश्ये अठ्ठेचाळीस चौकटींनी आणि शांत संभाषणे चोवीसच्या वळणाने दाखवण्याची तजवीज केली, ती मला विवेकाची वाटते. आमच्याकडील निर्मात्यांनीही हे तंत्र अवश्य वापरावे. पण आधी नटाला सहा महिने तालमीत उतरवावे, आणि साहसदृश्ये करणाऱ्या अनाम माणसांची नावे श्रेयनामावलीत ठळकपणे द्यावीत.

वाचकांना एक विनंती. आजच्या दूरचित्रवाणी संचांत हालचाल गुळगुळीत दाखवण्याची सोय असते. ती कलावंतांनी कधीही न टिपलेल्या चौकटी स्वतःच रचून मधे घुसडते. टॉम क्रूझ या नटाने २०१८ साली दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांच्यासह ध्वनिचित्रफीत काढून ही सोय बंद करण्याचे आवाहन केले होते, ते योग्यच होते. गोंदियात, तिरोड्यात, आमगावात ज्यांच्या घरी नवा संच आला असेल, त्यांनी चित्रपट लावण्यापूर्वी ती सोय बंद करावी, आणि दिग्दर्शकाने जितक्या चौकटी टिपल्या तितक्याच पाहाव्यात.