चोरीस गेलेला फोन आणि माहितीची किल्ली

स्मार्टफोन चोरीस गेला की माणसाच्या मनात प्रथम येते ती त्याची किंमत. पंधरा-वीस हजारांची वस्तू गेली, असे तो म्हणतो आणि ती परत कशी मिळेल याच्या मागे लागतो. हे स्वाभाविक असले तरी हा विचार सायकलीच्या किंवा घड्याळाच्या चोरीला शोभणारा आहे. सायकल नेणाऱ्याला सायकलच मिळते. फोन नेणाऱ्याला मात्र फोनच्या धन्याच्या नावाने व्यवहार करण्याचे साधन मिळू शकते. म्हणून चोरीनंतरच्या पहिल्या तासाभरात वस्तूचा शोध घ्यावा की माहितीचे रक्षण करावे, हा प्रश्न प्रत्येकाने आधीच सोडवून ठेवला पाहिजे. रक्षण आधी आणि शोध नंतर, हेच त्याचे योग्य उत्तर होय. आणि रक्षणातही ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्या सिम कार्डाचा विचार सर्वांत आधी करावयास हवा.

१८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषापंडिताने पॅरिसमध्ये लष्करी गुप्तलेखनावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात सांगितलेले एक तत्त्व आजही या शास्त्राचा पाया मानले जाते. गुप्तलेखनाची पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली, असे ते तत्त्व आहे. चोराच्या हाती पडलेला फोन हे त्याचेच रोजच्या व्यवहारातील उदाहरण होय. यंत्र तर गेलेच आहे. किल्ली गेली आहे काय, एवढेच पाहावयाचे.

आजच्या फोनमधील माहिती साध्या अक्षरांत पडून राहिलेली नसते. ती कूटबद्ध केलेली असते, म्हणजे एका दीर्घ संख्येच्या साहाय्याने तिचे निरर्थक दिसणाऱ्या चिन्हांत रूपांतर केलेले असते. आयफोनमधील बहुतेक सर्व माहिती २०१४ पासून परवलीच्या आकड्याशी अशा रीतीने जोडली गेली. अँड्रॉइडच्या २०१९ मधील दहाव्या आवृत्तीसह बाजारात येणाऱ्या फोनांना कूटीकरण अनिवार्य झाले. बहुतेक फोनांत यासाठी वापरली जाणारी पद्धती डेमन आणि रायमेन या दोघा बेल्जियन कूटशास्त्रज्ञांनी रचली व २००१ मध्ये ती अमेरिकेत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिची सर्वांत लहान किल्लीदेखील १२८ द्विमान अंकांची असते. अशा किती किल्ल्या संभवतात हे लिहावयाचे तर ३९ अंकी संख्या लिहावी लागेल. त्या एकेक करून लावून पाहणे कोणत्याही चोराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यावर एक रास्त शंका येते. फोनचा धनी तर चार किंवा सहाच अंक टाकतो. चार अंकांचे १०,००० आणि सहा अंकांचे १०,००,००० प्रकार होतात. मग ३९ अंकी संख्येचा उपयोग काय? उत्तर असे की, किल्ली केवळ त्या आकड्यापासून बनत नाही. फोनच्या आत एका चकतीत कधीही बाहेर न येणारी एक गुप्त संख्या असते, आणि ती व धन्याचा आकडा या दोहोंच्या संयोगातून किल्ली तयार होते. त्यामुळे आकडा ओळखण्याचे प्रयत्न त्याच फोनवर करावे लागतात, आणि काही प्रयत्न चुकले की फोन पुढच्या प्रयत्नासाठी अधिकाधिक वेळ थांबावयास लावतो. म्हणून सहा अंकही पुरेसे ठरतात. मात्र तो आकडा जन्मतारीख वा १२३४५६ असेल, किंवा गर्दीच्या बसमध्ये तो टाकताना कोणी पाहिला असेल, तर हे सारे गणित व्यर्थ होय. वापरात असलेला उघडा फोन हिसकावला जाण्याचा धोकाही आहेच. त्यासाठी २०२४ मध्ये हिसका ओळखून पडदा आपोआप बंद करणारी सोय अँड्रॉइडमध्ये आली, आणि परिचित ठिकाणांबाहेर खात्याचा परवलीचा शब्द बदलू पाहणाऱ्यास तासभर थांबविणारी सोय आयफोनमध्ये आली. या सोयी फोनच्या मांडणीत सुरू आहेत की नाहीत, हे ज्याचे त्याने पाहून घ्यावे.

फोनच्या आतील माहिती अशी बऱ्यापैकी सुरक्षित असते. कच्चा दुवा आहे तो सिम कार्डाचा. सिम हे फोनच्या कुलपाबाहेर असते. टाचणीने ते काढावे आणि दुसऱ्या फोनमध्ये घालावे, की धन्याच्या क्रमांकावर येणारे संदेश त्या दुसऱ्या फोनवर उतरू लागतात. पहिल्या फोनचे कुलूप उघडावेच लागत नाही. आपल्या देशात तर भ्रमणध्वनीचा क्रमांक हीच जणू माणसाची सही झाली आहे. बँक, विमा, शिधापत्रिका, आधार, पत्रपेटी या सर्वांचा ‘ओटीपी’ त्याच क्रमांकावर येतो. ज्या किल्लीवर केर्कहॉफ्सने सारा भार टाकला, तीच किल्ली येथे यंत्रालाच बांधून ठेवल्यासारखी झाली आहे.

यूपीआयच्या व्यवहाराला स्वतंत्र पिन लागतो, हे खरे. परंतु हा पिन नव्याने ठरविण्यासाठी काय लागते ते पाहावे: डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्याची मुदत आणि क्रमांकावर येणारा ओटीपी. अनेकांची डेबिट कार्डे फोनच्या आवरणामागील कप्प्यात खोचलेली असतात. अशा वेळी सिम, कार्ड आणि फोन एकाच हिसक्यात जातात, आणि वेगवेगळी म्हणून नेमलेली तीन कुलपे एकाच चोराला एकदम सापडतात. कार्डाचे किंवा आधारपत्राचे छायाचित्र फोनमध्ये ठेवण्यातही हाच दोष आहे. कूटीकरणाच्या सूक्ष्म तंत्राने जे साधले ते आवरणातील कप्प्याने घालवावे, ही सोयीची फार मोठी किंमत झाली.

यावर साधा उपाय आहे, तो सिमच्या पिनचा. तो सुरू केल्यावर सिम कोणत्याही फोनमध्ये घातले, किंवा फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी आधी पिन द्यावा लागतो. तीन वेळा चुकल्यास सिम बंद होते आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडून आठ अंकी पीयूके आकडा घ्यावा लागतो. तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. म्हणून कंपनीने दिलेला मूळ पिन अंदाजाने न टाकता आधी विचारून घ्यावा, मगच तो बदलावा. ज्यांच्या फोनमध्ये ई-सिम आहे त्यांचे सिम काढून नेता येत नाही. तथापि बंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू न देण्याची काळजी त्यांनीही घ्यावी, कारण ओटीपी वाचावयास कुलूप उघडावे लागत नाही.

चोरी झाल्यावर कामांचा क्रम कोणता असावा, तेही यावरून ठरते. पहिल्या मिळेल त्या फोनवरून सेवा देणाऱ्या कंपनीला कळवून सिम बंद करावे. लगेच बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय थांबवावेत आणि तक्रारीचा क्रमांक व वेळ टिपून ठेवावी. ही वेळ महत्त्वाची आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवून दिले की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे हानी झाली तरी त्याने बँकेला कळविल्यानंतर होणारी हानी बँकेने सोसावी. म्हणजे पहिल्या दूरध्वनीचा क्षण हीच जबाबदारीची सीमारेषा होय. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. त्यानंतर दुसऱ्या यंत्रावरून आपल्या खात्यात शिरून हरवलेला फोन दुरून कुलूपबंद करावा, पत्रपेटीचा परवलीचा शब्द बदलावा आणि इतर सर्व यंत्रांवरील प्रवेश रद्द करावा.

पोलीस ठाण्याची पायरी याच्यानंतरची, पण टाळण्याजोगी नव्हे. पोलिसांतील तक्रारीच्या आधारे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेद्वारे फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक रोखता येतो. ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रथम सुरू झाली व मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. शिवाय असे ओळखक्रमांक बदलणे हा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरविला आहे. परंतु या व्यवस्थेविषयी एक गैरसमज आढळतो. आयएमईआय रोखल्याने फोन देशातील भ्रमणध्वनीच्या जाळ्यांवर चालेनासा होतो; त्याच्या आतील माहिती त्यामुळे पुसली जात नाही आणि वाय-फायही बंद होत नाही. चोरीचा माल विकला जाऊ नये यासाठी तो उपाय आहे. माहितीच्या रक्षणाचा तो पर्याय नव्हे.

दुरून माहिती पुसून टाकावी की फोनचा ठावठिकाणा शोधीत राहावे, यात मात्र खरा पेच आहे. पुसण्याची आज्ञा फोन इंटरनेटला जोडला गेला तरच पोहोचते, आणि अँड्रॉइड फोन एकदा पुसला की त्याचा शोध थांबतो. फोन परत मिळण्याच्या आशेने पुष्कळजण पुसण्याचे टाळतात. ही आशा समजण्याजोगी असली तरी येथे एक गोष्ट विसरली जाते. फोनमधील माहिती केवळ धन्याची नसते. शिक्षकाच्या फोनमध्ये विद्यार्थ्यांच्या पालकांचे क्रमांक असतात, आरोग्यसेविकेच्या फोनमध्ये रुग्णांची नावे असतात, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये दुसऱ्याने विश्वासाने पाठविलेली पत्रे व छायाचित्रे असतात. त्यांची संमती कोणी विचारलेली नसते. म्हणून ज्याच्याजवळ माहितीची दुसरी प्रत आहे आणि ज्याचे कुलूप कच्चे होते किंवा फोन उघडाच गेला, त्याने शोधाचा मोह सोडून फोन पुसावा, हेच उचित होय. आपला फोन गेल्याचे परिचितांना कळविणे हेही त्याचे कर्तव्यच आहे; त्याच्या नावाने पैसे मागणारा संदेश आल्यास ते फसणार नाहीत.

या सर्व सूचनांवर एक आक्षेप घेता येईल. ज्या घरात एकच फोन आहे त्याने ‘दुसऱ्या यंत्रावरून’ काय करावे? हा आक्षेप खरा आहे. ज्याला कुटुंबातील कोणाचाही क्रमांक पाठ नाही, असा माणूस फोनसोबत फोन करण्याची बुद्धीही गमावतो. यासाठी कागदासारखे साधन नाही. *#०६# हे आकडे दाबल्यावर दिसणारा आयएमईआय, कंपनीचा व बँकेचा तक्रार क्रमांक, १९३० आणि घरातील दोन क्रमांक एका कागदावर लिहून घरात ठेवावेत. परवलीचे शब्द मात्र त्यावर लिहू नयेत. शाळांनी असा कागद विद्यार्थ्यांकडून घरोघरी लिहवून घ्यावा. सार्वजनिक ग्रंथालयांनी कामांचा क्रम फलकावर लावावा आणि अडलेल्या माणसाला एक दूरध्वनी करू द्यावा.

तरीही सारा भार नागरिकावर टाकून मोकळे होता येणार नाही. क्रमांकाला सही ठरविण्याचा निर्णय नागरिकाने घेतलेला नाही; तो संस्थांनी आपल्या सोयीसाठी घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हक्क मान्य झाला की त्याच्या रक्षणाची व्यवस्था उभारणे ओघानेच येते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निदेशांनी ओटीपीखेरीज इतर मार्गांनीही ग्राहकाची ओळख पटविण्यास उत्तेजन दिले, ही दिशा योग्य आहे. बँकांनी व शासकीय कार्यालयांनीही त्याच दिशेने जावे. सिम विकतानाच ग्राहकाला त्याचा पिन ठरवून देणे कंपन्यांना अवघड नाही. एका सिमच्या चोरीने माणसाची सारी ओळख हलत असेल, तर दोष त्या ओळखीच्या रचनेत आहे, आणि ती सुधारण्याचे काम रचना करणाऱ्यांचेच आहे.