घोडे कुठे पेंड खाते?

वरातीची घोडी रात्री चंदी खाऊन धडधाकट उभी होती. सकाळी मात्र ती पुढचा उजवा पाय जमिनीला टेकवायला तयार नाही. चांदीपसारख्या गावात घोडी बाळगून लग्नसराईवर वर्ष काढणाऱ्या कोणत्याही घरावर असा प्रसंग येऊ शकतो. पशुवैद्यक येतात, सोबत आणलेल्या यंत्रावर एक्स-रे काढतात आणि पडद्यावर खुरातल्या हाडावर एक काळी रेघ दिसते. मालकाचा मुलगा पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ओळखीतल्या चार जणांना पाठवतो. संध्याकाळपर्यंत उत्तरे येतात. एक जण कळवतो, हाड मोडले आहे, घोडी आता कामातून गेली. दुसरा कळवतो, काही नाही, दुखण्याचे इंजेक्शन द्या, रविवारची वरात होऊन जाईल. दोघांनीही घोडी पाहिलेली नाही. दोघांनी पाहिला आहे तो एका पडद्याचा, थोडा तिरका, वर ट्यूबलाइट चमकणारा फोटो.

आणि दोघेही चुकलेले असू शकतात. घोड्याच्या तळव्यात मध्यभागी एक मऊ त्रिकोणी भाग असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खाचा असतात. या खाचांत हवा राहिली, तर एक्स-रेमध्ये हाडावरून जाणारी काळी रेघ उमटते आणि ती थेट मोडलेल्या हाडासारखी दिसते. म्हणूनच खुराचा एक्स-रे काढण्यापूर्वी तळवा खरवडून स्वच्छ करायचा आणि खाचा मऊ लगद्याने भरून घ्यायच्या, अशी पद्धत आहे. ती रेघ हाडाच्या कडेबाहेरही तशीच पुढे जात असेल, तर तो हाड मोडल्याचा पुरावा नव्हे. खूर भरून पुन्हा फोटो काढला की ती नाहीशी होते. एका रात्रीत घोडा तीन पायांवर येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण खुरात साठलेला पू हे आहे. तळवा चिमट्याने दाबून दुखरी जागा शोधायची, तिथे वाट करून पू काढायचा, धनुर्वाताची काळजी घ्यायची; पुष्कळदा काही दिवसांत घोडा सावरतो. धनुर्वाताचा उल्लेख मुद्दाम केला, कारण पाळीव जनावरांत घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

एकाच रेघेचे दोन अर्थ, आणि त्यांतले अंतर जगण्या-मरण्याचे. म्हणून अशा वेळी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, ज्याला सेकंड ओपिनियन म्हणतात, हा मालकाचा उतावळेपणा ठरत नाही, ती गरज असते. प्रश्न आहे तो हे मत कसे मागायचे याचा. घोडे पेंड खाते ते तिथे.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हेच दृश्य रोज दिसते. मेंदूच्या स्कॅनच्या चाळीस चित्रांपैकी एकाचा फोटो फोनवर येतो आणि सोबत एवढेच, ‘डॉक्टर, जरा बघा ना.’ रुग्णाचे वय नाही, तक्रार किती दिवसांची ते नाही, आधीचा रिपोर्ट नाही. निदान ही चित्रावर छापून आलेली गोष्ट असते, हा समज त्यामागे आहे. प्रत्यक्षात चित्र एका प्रश्नाचे उत्तर देते आणि प्रश्न तपासणीतून येतो. माणूस निदान ‘इथे दुखते’ असे सांगू शकतो. घोडा तेही सांगत नाही. त्याच्या वतीने त्याची चाल बोलते.

घोड्याच्या शरीराचे साठ टक्क्यांहून थोडे अधिक वजन पुढच्या दोन पायांवर असते आणि लंगडण्याची बहुतेक कारणे पुढच्या पायांतच, त्यातही खालच्या भागात सापडतात. कठीण सपाट जमिनीवर घोड्याला दुडक्या चालीने नेले, तर पुढचा दुखरा पाय टेकताना तो मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते. दुखरा पाय कळला, तरी त्या पायातली जागा कळायची असते. त्यासाठी पशुवैद्यक खालून वर एकेका नसेभोवती बधिर करणारे औषध टोचत जातात. ज्या टप्प्यावर लंगडणे थांबते, त्याखाली दुखण्याची जागा आहे असे मानून तिथला एक्स-रे किंवा सोनोग्राफी केली जाते. मात्र हाड मोडल्याचा दाट संशय असेल, तर पाय बधिर करून घोडा चालवायचा नसतो. आधी एक्स-रे, मग पुढचे. हा क्रम सोडून नुसते चित्र हाती घेतले तर फसगत होते. खुरातल्या नौकेच्या आकाराच्या छोट्या हाडात झिजेच्या खुणा दिसूनही घोडा व्यवस्थित चालत असू शकतो. उलट एक्स-रे स्वच्छ असून घोडा लंगडत असू शकतो. कंबरेच्या एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असा शेरा असलेली कितीतरी माणसे विनातक्रार हिंडतात, त्यातलाच हा प्रकार.

काळाचेही तसेच. हाडातली बारीक भेग पहिल्या दिवशी एक्स-रेत न दिसता दहा ते चौदा दिवसांनी दिसू शकते. नळीच्या हाडामागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, फाटली असेल, तर पहिल्या काही दिवसांत सोनोग्राफीत इजा खऱ्यापेक्षा लहान दिसू शकते. ती पुरती भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागते आणि मधल्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून काम वाढवायचे की नाही हे ठरते. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ हे वाक्य तारखेशिवाय अपुरे आहे. दुसरे मत देणाऱ्याला पहिले चित्र कोणत्या दिवशीचे हेच ठाऊक नसेल, तर त्याचे मत वरातीमागून घोडे ठरते.

चांदीपमध्ये फोटो पाठवण्यावाचून गत्यंतर नसते, हेही मान्य करायला हवे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. पण चर्चगेट ते विरार हे रेल्वेचे अंतरच साठ किलोमीटर, आणि घोडी काही लोकलने जात नाही. तीन पायांवर उभी असलेली घोडी टेम्पोत चढवून महामार्गाच्या कोंडीतून नेली, तर भेगेचे रूपांतर पूर्ण मोडण्यात होऊ शकते. महालक्ष्मीच्या रेसच्या घोड्यांना घोड्यांचेच तज्ज्ञ हाताशी असतात. वरातीच्या घोडीला आणि माथेरानच्या चढावर माणसे वाहणाऱ्या घोड्याला ती चैन नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकासमोर मुख्यत्वे गाई, म्हशी, शेळ्या येतात. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. घोडे कमी, म्हणून घोड्यांचे एक्स-रे वाचण्याचा सरावही कमी. यात त्या पशुवैद्यकाचा दोष नाही. म्हणूनच घोडी जागेवर आणि चित्र प्रवासाला, ही सोय चांगली आहे. ती नीट वापरली पाहिजे.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे पडद्याचा फोटो न पाठवता मूळ फाइल पाठवावी. डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाइलला डायकॉम म्हणतात. तिच्यात करड्या रंगाच्या हजारो छटा साठवलेल्या असतात. मोबाईलवरच्या साध्या चित्रात त्या २५६ उरतात आणि व्हॉट्सॲप ते चित्र आणखी दाबून लहान करते. बारीक भेग नेमकी त्या हरवलेल्या छटांत असू शकते. फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. काढलेली सगळी चित्रे पाठवावीत, त्यातले ‘चांगले’ एक निवडून नव्हे. सांध्याची साधारणतः चार बाजूंनी चित्रे घेतात, कारण एका बाजूने लपलेली भेग दुसऱ्या बाजूने दिसते. सोनोग्राफीची आडवी व उभी दोन्ही चित्रे हवीत, आणि तुलनेसाठी दुसऱ्या पायाचीही. खुरातले हाड व बाहेरची भिंत यांना सांधणारा थर सुजतो त्या लॅमिनायटिसमध्ये हाड किती फिरले हे मोजायचे असते. तिथे खुराच्या भिंतीवर धातूची तार लावून बरोबर बाजूने घेतलेले चित्रच उपयोगी.

दुसरी गोष्ट ओळखीची. चित्रावर घोड्याचे नाव, तारीख, पाय उजवा की डावा, पुढचा की मागचा, आणि पायाची बाहेरची बाजू कोणती, हे उमटलेले असावे. माणसांच्या शस्त्रक्रियागृहात चुकीच्या बाजूला चिरा जाऊ नये म्हणून आधी खूण करतात, तीच ही शिस्त. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा इतर कुठे घोडा विकत घेतानाही हे लक्षात ठेवावे. नाव-तारीख नसलेला एक्स-रे दुसऱ्याच घोड्याचा असू शकतो.

तिसरी गोष्ट घोड्याची हकिगत. वय, काम, कधीपासून लंगडते, शेवटची नाल कधी मारली, कोणते औषध किती दिले. सोबत समोरून, मागून व बाजूने चालीचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ द्यावेत, तेही दुखणे थांबवणारे औषध देण्यापूर्वीचे आणि पशुवैद्यकाने चालवायला हरकत नाही असे सांगितले असेल तरच. नालबंद आणि मोतद्दार यांनी काय पाहिले तेही लिहावे. घोड्याजवळ दिवसभर तेच असतात.

चौथी गोष्ट प्रश्नाची. ‘हे फ्रॅक्चरच आहे ना?’ असे विचारले की वाचणाऱ्याची नजरही फ्रॅक्चर शोधू लागते. त्यापेक्षा ‘घोडीला सहा आठवडे बांधून ठेवायचे, की खूर भरून पुन्हा एक्स-रे काढायचा?’ असे विचारावे. ज्या उत्तराने उपचार बदलणार नाही, तो प्रश्न नुसती करमणूक आहे. दहा जणांना विचारू नये. दहा उत्तरांतून आपल्याला हवे ते निवडण्याचा मोह आवरत नाही, आणि लग्नसराईत हवे असलेले उत्तर बहुधा ‘इंजेक्शन द्या’ हेच असते. त्या इंजेक्शनाने दुखणे दडते, इजा वाढते. वेदनाशामके दिवसेंदिवस चालू राहिली, तर घोड्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडाला इजा होते. शिवाय गर्दीत, फटाक्यांत, पाठीवर नवरदेव आणि पुढे लहान मूल बसलेले असताना लंगडी घोडी अडखळली, तर रुग्ण माणसांच्या रुग्णालयात येतो. आजारी वा जखमी जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत टाळली जाणारी आहे. पहिल्या पशुवैद्यकाला सांगून दुसरे मत घ्यावे. तपासणारा हात त्यांचा असतो. दूरवरच्या तज्ज्ञाला शंका आली, तर खूर पुन्हा दाबून पाहणार तेच. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणे हे मालकाने दोघांचे निरोप एकमेकांपासून लपवण्यापेक्षा केव्हाही बरे. पशुवैद्यकांनीही यात अपमान मानू नये. ‘मलाही विचारून घ्यायचे आहे’ असे म्हणणारा डॉक्टर रुग्णाच्या जास्त उपयोगी पडतो.

काही वेळा मात्र मताची वाट पाहायची नसते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ ही त्याच्यासाठी जिवावरची वेळ असते. घोडा लोळतो, पोटाकडे वळून पाहतो, लीद थांबते, आणि एरवी मिनिटाला २८ ते ४४ असणारे नाडीचे ठोके साठच्या वर जातात, अशा वेळी फोटो पाठवत बसू नये. सांध्यावरची उघडी जखम आणि लोंबकळणारा पाय यांचेही तेच. आधी पशुवैद्यक, पाय बांधणे, उपचार, मत नंतर. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो तबेल्याच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

मालकाने इतके केले, तरी उरलेले काम व्यवस्थेचे आहे. माणसांच्या बाबतीत मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असे २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांना बांधले आहे. २०१९ पासून ई-संजीवनीवर प्राथमिक केंद्रातला डॉक्टर जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या तज्ज्ञाचा सल्ला घेऊ शकतो. जनावरांसाठी याच धर्तीवर दोन गोष्टी फार खर्चाविना होऊ शकतात. सरकारी असो वा खासगी, पशुवैद्यकाने चित्रांची मूळ फाइल आणि चार ओळींचा लेखी अहवाल मालकाच्या हाती द्यावा. आणि परळच्या महाविद्यालयाने आठवड्यातला एक ठरलेला तास पालघर, रायगड, ठाण्याच्या पशुवैद्यकांनी पाठवलेल्या घोड्यांच्या चित्रांसाठी राखून ठेवावा. विद्यार्थ्यांनाही त्यातून शिकायला मिळेल.

क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला आणि १८९६ मध्येच युरोपात घोड्याच्या पायाची चित्रे काढली जाऊ लागली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ते यंत्र चांदीपच्या तबेल्यापर्यंत पोहोचू शकते. घोडीला ‘कामातून गेली’ म्हणण्याआधी तिचा खूर स्वच्छ करून, खाचा भरून आणखी एक चित्र काढायला दहा मिनिटे लागतात. तेवढी दहा मिनिटे मागणे हा तिच्या मालकाचा हक्क आहे.