ऑनलाइन तास जोडीला हवा, जागी नव्हे

महाराष्ट्रात दहावीचा २०२१चा निकाल ९९.९५ टक्के लागला. कोरोनामुळे लेखी परीक्षा रद्द झाली होती. गुण अंतर्गत मूल्यमापनाचे होते. त्यामुळे ऑनलाइन वर्गांत मुले नेमके काय शिकली, याचा ताळा त्या आकड्यातून लागत नाही. त्याच वर्षीच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील ६७.६ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण त्यांतल्या जवळपास चौथ्या हिश्श्याला तो वापरायला मिळत नव्हता. वडील फोन घेऊन कामावर गेले की तास बुडालाच. फोन हाती असलेल्यांची अडचण निराळी. बीजगणिताच्या उदाहरणात चिन्ह कुठे चुकले, हे वहीत डोकावणाऱ्या शिक्षकाला दिसते. कॅमेरे बंद असलेल्या वर्गात नाही.

पण म्हणून ही साधने मोडीत काढायचे कारण नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि ‘दीक्षा’ या सरकारी मंचावरचे व्हिडिओ उजळणीला उपयोगी पडतात. स्वतःहून अभ्यासाला बसणारी मुले त्यांतून पुढेही जातात. मात्र अशी मुले प्रत्येक वर्गात थोडीच असतात. बाकीच्यांना समोर शिक्षक लागतो. त्यामुळे शिक्षकांच्या रिक्त जागांवर ऑनलाइन तासांचा उतारा शोधण्याचा मोह सरकारने टाळावा. आधी त्या जागा भराव्यात.