खेळ त्यांचा, वही कोणाची?



क्रिकेट आपल्या वस्तीतल्या पोराटोरांनाही समजते. आज मात्र अमेरिकेतल्या बेसबॉलच्या एका सामन्याची हकीकत सांगतो. या खेळात नऊ डाव असतात. बरोबरी राहिली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात. फलंदाजाला तीनदा चेंडू हुकला की तो बाद. एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

२ ऑगस्ट १९३०. गाव कॅन्सस सिटी. होमस्टेड ग्रेज विरुद्ध कॅन्सस सिटी मोनार्क्स. दोन्ही संघ काळ्या खेळाडूंचे, कारण गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. आपल्याकडे तरी पाणवठ्यावर पाटी कुठे असे? पण सगळ्यांना ठाऊक असे.

सामना रात्रीचा. मोनार्क्स आपले दिवे ट्रकवर लादून गावोगाव नेत. मोठ्या लीगमध्ये रात्रीचा पहिला सामना झाला तो १९३५ साली! उजेड बेताचाच होता, त्याचा फायदा चेंडू टाकणाऱ्यांना मिळाला हे खरे. पण तो दोघांनाही मिळाला. ग्रेजकडून ४४ वर्षांचा स्मोकी ज्यो विल्यम्स, समोर तरुण चेट ब्रुअर. नऊ डाव झाले, धाव नाही. दहावा गेला, अकरावा गेला. बाराव्या डावात चेनी व्हाइटच्या फटक्यावर ऑस्कर चार्ल्स्टनने धाव पुरी केली. ग्रेज १-० ने जिंकले. ब्रुअरने १९ जणांना चेंडू हुकवून बाद केले, विल्यम्सने २७ जणांना! त्याच्या चेंडूवर अख्ख्या सामन्यात एकच हिट गेली.

असा हा खेळाडू मोठ्या लीगमध्ये एक दिवसही खेळला नाही. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ते दार उघडले. हा रॉबिन्सन १९४५ साली याच मोनार्क्सकडून खेळला होता. तोवर विल्यम्सने साठी ओलांडली होती. १९५१ साली तो वारला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले १९९९ साली. १९२० ते १९४८ या काळातल्या काळ्यांच्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला २०२० साली आणि त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले २०२४ साली.

हे आकडे आले कुठून? गोऱ्यांची बहुतेक वृत्तपत्रे या सामन्यांची फारशी दखल घेत नसत. 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरिअर' ही काळ्या समाजाची साप्ताहिके धावफलक छापत. संशोधकांनी ती जुनी पाने चाळून हिशेब जुळवला. जे सामने कुठेच छापले गेले नाहीत, ते कायमचे गेले.

निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली १३ फेब्रुवारी १९२० रोजी, याच कॅन्सस सिटीत. त्याच्या दोनच आठवडे आधी, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला होता. आपले म्हणणे आपणच छापले पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून आपल्याला आजही हिणवले जाते. विल्यम्सकडे गुणवत्ता कमी नव्हती. नोंदीची वही दुसऱ्याच्या हातात होती. मी कारकून माणूस, कागदाची किंमत मला रोज कळते. म्हणून एक विनंती. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. वस्तीच्या कबड्डी संघात कोण होते, नामांतराच्या लढ्यात कोण तुरुंगात गेले, विहार कोणाच्या वर्गणीतून उभे राहिले, ते विचारा. नाव, गाव, साल घालून मुलांकडून वहीत लिहून घ्या.

आपली वही आपल्याच हातात असू द्या.

जय भीम!