शाळेतले सण मुलांच्या हातात राहू द्या



भाद्रपद लागला की शाळकरी मुलांच्या घरात आईच्या डोक्यात एक वेगळंच कॅलेंडर सुरू होतं. शिक्षक दिन, हडगा, दसऱ्याचं पाटीपूजन, गांधी जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, त्यातच सहामाही परीक्षा आणि मग दिवाळी. आपल्या घरी दशलक्षण पर्वाचे दहा दिवसही याच धामधुमीत येतात. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली, म्हणून शाळेनं दोन्ही कार्यक्रम आदल्या दिवशी उरकले. थोरलीला सरस्वती व्हायचं, धाकट्याला गांधीजी. पालकांच्या ग्रुपवर सूचना आली ती आदल्या रात्री आठ वाजता!

माझं मत सरळ आहे. शाळेनं सण जरूर साजरे करावेत, पण मुलाला स्वतःच्या हातानं जमेल तेवढेच करावेत. आईला रात्रभर जागवणारा आणि बाबांना भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात पळवणारा सण मुलांचा राहत नाही.

आता आमच्याच घरातलं बघा. सरस्वतीचा पोशाख तीनशे रुपये भाड्यानं आला, वर दोनशे रुपये अनामत. सकाळी घालतानाच त्याची चेन तुटली. सेफ्टी पिना लावून भागवलं. रस्त्यात परतीच्या पावसानं गाठलं आणि पुठ्ठ्याची वीणा भिजून वाकली. दुकानदारानं अनामत परत दिली नाही. पैशांचं एक वेळ सोडून देऊ. पण नऊ वर्षांची पोर संध्याकाळी घरी येऊन पहिलं काय बोलली, तर "आई, चेन माझ्यामुळं तुटली नाही." सरस्वती होऊन दिवसभर तिनं त्या चेनीचीच धास्ती घेतली होती. विद्येच्या देवतेबद्दल ती काय शिकली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

गांधीजींची गोष्ट वेगळी. आजोबांचा पंचा, आजींची काठी आणि धाकट्यानं स्वतः तार वाकवून केलेला चष्मा. पंचा शाळेच्या दारातच सुटला. त्यानं तो स्वतःच पुन्हा गुंडाळला, आणि दिवसभर हीच बढाई सगळ्यांना सांगत फिरला. गोंधळ इथंही झालाच. काठी वर्गात राहिली आणि पुढचे दोन दिवस शाळेला सुट्टी. आजींना माझा हात धरून मंदिरात जावं लागलं. क्षमावाणीच्या दिवशी हाच मुलगा घरोघरी सगळ्यांना "उत्तम क्षमा" म्हणत फिरला होता, कशाबद्दल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. या वेळी मात्र तो कुणी न सांगता आजींपुढं जाऊन बसला आणि म्हणाला, "आजी, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला." दहा दिवसांच्या प्रवचनांत ऐकलेली क्षमा त्या दिवशी त्याच्या अंगी लागली.

म्हणजे फजिती दोघांचीही झाली. पण मुलानं स्वतः केलेल्या कामात झालेली फजिती त्याला काहीतरी शिकवून जाते. विकत आणलेल्या थाटातली फजिती नुसती भीती देते.

आपल्याकडे याचं चांगलं उदाहरण पूर्वीपासून आहे, ते म्हणजे हडगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की, २७ सप्टेंबरच्या सुमारास, तो सुरू होतो. पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात, आमच्या सांगली भागात हडगा. मध्ये पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलींचा फेर, गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायची. खर्च जवळजवळ शून्य. थोरलीनं शाळेत लसूण न घातलेलं भडंग नेलं. रिक्षात डब्याचं झाकण उघडलं आणि निम्मं भडंग सीटवर सांडलं. उरलेलं प्रत्येकीच्या वाट्याला चिमूटभर आलं. डबा हलवून आवाज येईना, त्यामुळं खिरापत कुणालाच ओळखता आली नाही, आणि त्या दिवशी ती जिंकून आल्यासारखी हसत घरी आली!

हडग्यात प्रत्येक घरची खिरापत वेगळी असते, ते न सांगताच मान्य असतं. संध्याकाळच्या कार्यक्रमांचं तसं नाही. साडेपाचला सुरू झालेला कार्यक्रम आठला संपला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. मध्ये सगळ्या मुलांना बटाटेवडा वाटला. आमची मुलगी कंदमूळ खात नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही. ती उपाशी घरी आली आणि तशीच झोपली. शाळेनं आमचे नियम पाळावेत, असं मी म्हणत नाही. पण हाच कार्यक्रम शाळेच्या वेळेत झाला असता, तर कुणाचाच नियम मोडला नसता. शेवटची एसटी पकडून गावाकडे जाणारी मुलं आहेत, सातनंतर कामावरून सुटणाऱ्या आया आहेत. त्यांनाही ही वेळ गैरसोयीचीच.

काही जण म्हणतील, वेशभूषेमुळं मुलं धीट होतात. खरं आहे. स्टेजवर उभं राहणं शिकलंच पाहिजे. पण ते पंचा गुंडाळूनही शिकता येतं. शिक्षिका म्हणतात, पालकांनाच फोटो हवे असतात. यातही तथ्य आहे. त्या बिचाऱ्याही कुणाच्या तरी आयाच आहेत, त्यांच्या घरीही याच दिवसांत धावपळ असते. म्हणून हा दोष एकट्या शाळेचा नाही. ग्रुपवर "वा, किती सुंदर!" लिहिताना आपण महागड्या पोशाखालाच दाद देतो का, हे आपणही पाहायला हवं.

दिवाळीत अंगणात मुलं मातीचा किल्ला करतात. यंदा आमचा किल्ला पावसानं एकदा वाहून गेला. दोघांनी तो पुन्हा बांधला, बुरूज वाकडा झाला, तरी कुणी रडलं नाही. महावीर निर्वाणाच्या पहाटे मंदिरात चढवायचा लाडू थोरलीनं वळला, तोही थोडा चपटाच. भगवंतांना त्याचं काही वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

सुट्टीनंतर पालकसभा असते आणि मग स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. त्याआधीच मी तीन गोष्टी मांडणार आहे. सूचना किमान आठवडाभर आधी द्यावी. घरात असलेल्या वस्तूंतूनच वेशभूषा करायला सांगावी. कार्यक्रम शाळेच्या वेळेत संपवावा. या तिन्हींना एक रुपयाही लागत नाही. मैत्रिणींनो, तुम्हाला पटत असेल तर आपापल्या शाळेत तुम्हीही बोला. एकटीनं बोललं की ती तक्रार ठरते, दहा जणी बोलल्या की शाळा ऐकते.