एका शब्दाला एवढा विरोध कशासाठी?

कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात 2023 साली मांडले गेलेले सिनेट विधेयक क्रमांक 403 आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सिनेटर आयशा वहाब यांनी ते मांडले. मे महिन्यात सिनेटने ते 34 विरुद्ध 1 अशा मतांनी संमत केले, ऑगस्टच्या अखेरीस असेंब्लीने 50 विरुद्ध 3 अशा मतांनी त्यास मान्यता दिली, आणि सप्टेंबरात अंतिम स्वरूपात ते गव्हर्नरांकडे गेले. त्यासाठी आंबेडकरी संघटनांनी, रविदासिया समाजाने, शीख संघटनांनी, इतकेच नव्हे तर जातिभेद अमान्य असलेल्या काही हिंदू संघटनांनीही खांद्याला खांदा लावून परिश्रम केले. सॅक्रामेंटो येथे कार्यकर्ते उपोषणाला बसले. 7 ऑक्टोबर 2023 रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून विधेयक परत पाठविले.

त्या दिवसापासून आपल्या घराघरांत दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक हताशेचा: त्यांच्याकडे पैसा आहे, वजन आहे, आपले कोण ऐकणार? दुसरा सुटकेचा: बरे झाले, वाद मिटला, येथे जन्मलेल्या मुलांना ती जात कशाला ठाऊक करून द्यायची? यांपैकी पहिल्यापेक्षा दुसरा उद्गार आम्हांस अधिक चिंतेचा वाटतो, आणि त्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. तत्पूर्वी विरोधकांनी नेमके काय म्हटले ते शांतपणे तपासले पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे न वाचता त्याचा निषेध करणे ही बाबासाहेबांची रीत नव्हती. त्यांनी मनुस्मृती जाळण्यापूर्वी ती वाचली होती.

विधेयकात होते तरी काय? कॅलिफोर्नियात 1959 पासून नागरी हक्कांचे जे कायदे आहेत, त्यांत वर्ण, वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीय मूळ, वंशपरंपरा इत्यादी कारणांवरून नोकरीत, निवासात, शिक्षणात व व्यापारात भेदभाव करण्यास मनाई आहे. प्रथम या यादीत ‘जात’ हा स्वतंत्र शब्द घालण्याची योजना होती. विरोध वाढल्यावर दुरुस्ती होऊन ‘वंशपरंपरा’ या शब्दाच्या व्याख्येतच जातीचा अंतर्भाव करण्यात आला. जन्माने मिळालेल्या दर्जावर आधारलेली सामाजिक उतरंड, असा जातीचा अर्थ दिला गेला. त्यात कोणत्याही धर्माचे नाव नव्हते, देशाचे नव्हते, ग्रंथाचे नव्हते. जपानमधील बुराकुमिनांनाही तो अर्थ लागू पडला असता, आणि एखाद्या बौद्धाने दुसऱ्याची जात काढली असती तर त्यालाही.

एवढ्या माफक दुरुस्तीविरुद्ध सर्वांत संघटितपणे उभी राहिली ती हिंदू अमेरिकन फाउंडेशन ही 2003 साली स्थापन झालेली संस्था. तिच्या जोडीला उत्तर अमेरिकेतील हिंदूंची ‘कोह्ना’ नावाची आघाडी होती. फाउंडेशनचे म्हणणे थोडक्यात असे: जातिभेद निंद्य आहे, हिंदू धर्माच्या मूळ शिकवणीत त्याला स्थान नाही, परंतु प्रचलित कायद्यांत त्याला मनाई आहेच, म्हणून नवा शब्द अनावश्यक आहे, हा शब्द घातल्यास भारतीय व विशेषतः हिंदू लोक तेवढे संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले जातील, आणि अमेरिकेत असा भेदभाव सर्रास चालतो याला विश्वसनीय पुरावा नाही.

यांतील पहिला मुद्दा गव्हर्नरांनी स्वीकारला, म्हणून त्याचाच विचार विस्ताराने करू.

‘आहे तो कायदा पुरेसा आहे’ हे वाक्य आपण पूर्वी ऐकलेले आहे. भारतीय राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही 1955 साली अस्पृश्यता अपराध अधिनियम करावा लागला. 1976 साली त्याचे नाव बदलून तो अधिक कडक करावा लागला, आणि तोही अपुरा पडल्यामुळे 1989 साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. खून, जाळपोळ, मारहाण हे गुन्हे भारतीय दंड संहितेत पहिल्यापासूनच होते. मग हे वेगळे कायदे कशासाठी? ज्यांनी खेड्यातील पोलीस चौकीची पायरी चढली आहे त्यांना याचे उत्तर सांगावे लागत नाही. गुन्ह्याचे नाव नोंदवहीत नसले की तो ‘दोन गटांतील भांडण’ म्हणून लिहिला जातो.

आता सॅन होजेच्या एखाद्या कंपनीतील कर्मचारी विभागाचा अधिकारी डोळ्यांपुढे आणा. तो सज्जन आहे. जात म्हणजे काय हे त्याने कधी ऐकलेले नाही. आपला एखादा तरुण त्याच्याकडे जाऊन सांगतो की, आपली जात कळल्यापासून वरिष्ठाने महत्त्वाची कामे काढून घेतली. अधिकारी आपली यादी पाहतो. वंश? दोघेही भारतीय. राष्ट्रीय मूळ? तेही एकच. वर्ण? दोघे सारखेच सावळे. तो प्रामाणिकपणे फाईल बंद करतो. हे कल्पनाचित्र नाही. 2020 च्या जून महिन्यात कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध जो दावा दाखल केला, त्यात नेमके हेच नमूद आहे: तक्रारदाराने कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेकडे दाद मागितली तेव्हा जातीवरून केलेला भेदभाव बेकायदेशीर नाही असे त्यास सांगण्यात आले. कंपनीने आरोप नाकारले, आणि दोन वैयक्तिक प्रतिवादींविरुद्धचा दावा राज्याने एप्रिल 2023 मध्ये मागे घेतला, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु यादीत शब्द नसल्याने दरवाजा कसा बंद होतो, एवढे त्या कागदावरून स्पष्ट होते.

इंग्लंडमधील आपल्या बांधवांचा अनुभव याहून निराळा नाही. तेथील 2010 च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा सरकारला होती. 2013 साली पार्लमेंटने त्या मुभेचे बंधनात रूपांतर केले. आणि जुलै 2018 मध्ये सरकारने जाहीर केले की न्यायालयीन निर्णयांत संरक्षण आलेलेच आहे, स्वतंत्र कायदा नको. ते न्यायालयीन निर्णय आले कोठून? भारतातून घरकामासाठी नेलेल्या एका आदिवासी स्त्रीने वर्षानुवर्षे नाममात्र मजुरीवर राबून, जमिनीवर झोपून, अखेर न्यायाधिकरणापुढे आपल्या आयुष्याची पाने उघडली तेव्हा. 2014 साली अपील न्यायाधिकरणाने म्हटले की जातीचे काही प्रकार ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकतील. ‘शकतील’ या क्रियापदावर एका मोलकरणीने स्वतःच्या जोखमीवर भांडावयाचे, आणि त्याला पुरेसे संरक्षण म्हणावयाचे!

दुसरा मुद्दा हिंदूंना लक्ष्य केले जाण्याचा. या भीतीची आम्ही टवाळी करणार नाही. कोणाच्याही लेकराला शाळेत त्याच्या धर्मावरून हिणवले जाऊ नये, आणि त्याविरुद्ध संरक्षण देणारा ‘धर्म’ हा शब्द त्याच कायद्यात आहे. परंतु ‘लिंग’ हा शब्द कायद्यात आहे म्हणून प्रत्येक पुरुष आरोपी ठरत नाही. ‘वर्ण’ हा शब्द आहे म्हणून प्रत्येक गोरा संशयित होत नाही. मग जात या शब्दाने मात्र एक संपूर्ण समाज कलंकित होतो, हा तर्क कोणत्या न्यायाने? सिस्को प्रकरणात राज्याने जातीचा संबंध हिंदू समाजव्यवस्थेशी जोडला, तेव्हा शासनाने आमच्या धर्माची व्याख्या करू नये म्हणून याच संस्थेने 2022 साली नागरी हक्क विभागाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्या आक्षेपात तथ्य असेल असे क्षणभर मानू. पुढे विधेयक आले, त्यात धर्माचे नावही नाही. तेव्हा आक्षेप असा की, नाव घेतले नसले तरी रोख आमच्यावरच आहे! नाव घेतले तर अपमान, न घेतले तर कावा. प्रचलित कायदा पुरेसा आहे असे एकीकडे सांगावयाचे आणि तोच कायदा राज्याने वापरला की दुसरीकडे न्यायालयात जावयाचे, यातून तक्रारदारासाठी कोणती वाट शिल्लक राहते हे त्या संस्थेने एकदा सांगावे.

जात ही या भूमीला अपरिचित आहे, असेही सुचविले जाते. इतिहास वेगळे सांगतो. फेब्रुवारी 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाचा निकाल दिला. आपण उच्च जातीचे, म्हणून आर्य, म्हणून गोरे आहोत, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता, आणि तो फेटाळला गेला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच जात येथील सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली होती, आणि तीही मोठेपणाचा दाखला म्हणून. त्याच्याही आधी, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 1909 साली येथेच इथाका गावी प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, हिंदू परदेशी जातील तर जात हा जगाचा प्रश्न होईल असे भाकीत केले होते. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात आपला निबंध वाचताना पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी ते उद्धृत करून त्यास दुजोरा दिला. केतकर आणि आंबेडकर यांचे ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झाले त्यांतील ही एक. ते भाकीत आज आमच्या भोजनाच्या सुटीत, ‘तुमचं मूळ गाव कोणतं? नाही, आडनावावरून कळलं नाही म्हणून विचारलं’ या प्रश्नाच्या रूपाने भेटत असते.

पुराव्याच्या मुद्द्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. ‘इक्वॅलिटी लॅब्ज’ने 2016 साली केलेल्या पाहणीतील सहभागी स्वयंस्फूर्त होते, यादृच्छिक निवडीने घेतलेले नव्हते, हा आक्षेप संख्याशास्त्राच्या दृष्टीने गैर नाही. पण ज्या समाजातील माणसे जात लपवून जगतात त्यांची यादृच्छिक निवड करावयाची तरी कोणत्या यादीतून? शिवाय व्हिसा ज्याच्या सहीवर टिकतो त्याच वरिष्ठाविरुद्ध लेखी पुरावा द्यावा, ही अपेक्षा करणाऱ्याने कधी व्हिसाच्या मुदतीचे दिवस मोजलेले नसावेत.

आता त्या सुटकेच्या उद्गाराकडे. मुलांना जात सांगू नये, हे म्हणणाऱ्या मातापित्यांच्या मनातील वेदना आम्ही जाणतो. आम्हीही आडनावे आखूड केली आहेत, भिंतीवरील तसबीर पाहुणे येण्यापूर्वी आतल्या खोलीत नेणारी घरेही आम्हांस ठाऊक आहेत. परंतु आपण सांगितले नाही म्हणून मूल अनभिज्ञ राहत नाही. ते सहावीत प्राचीन भारताचा धडा वाचते. त्या धड्यात जातीविषयी काय असावे यावरून 2005 आणि 2006 साली कॅलिफोर्नियात केवढा संघर्ष झाला! जातीचा उल्लेख सौम्य करू पाहणाऱ्या दुरुस्त्यांचा आग्रह कोणी धरला, त्यासाठी न्यायालयात कोण गेले, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे: तेथेही हिंदू अमेरिकन फाउंडेशनच होती. आपण घरात मौन पाळावे आणि शाळेतील धडा दुसऱ्यांनी लिहावा, असा हा व्यवहार आहे. त्यात 14 ऑक्टोबर 1956 चा नागपूरचा दिवस मुलाला कोण सांगणार?

कायदा झाला असता तर सर्व काही साधले असते, असा आमचा भ्रम मात्र नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 पर्यंत त्या पाण्याला कोणी हात लावू शकले नाही, आणि त्यानंतर न्यायालयातील झगडा 1937 पर्यंत चालला. ठराव कपाटात होता. तळ्यावर माणसे चालत गेली तेव्हा त्याला अर्थ आला. फरक इतकाच की महाडच्या सत्याग्रहींच्या हाती ठराव होता, आणि आपल्या हाती आहे तो नकारपत्र.

पण ते नकारपत्र नीट वाचावे. जातीवरून होणारा भेदभाव प्रचलित कायद्यातील प्रवर्गांखाली आधीच निषिद्ध आहे, म्हणून हे विधेयक अनावश्यक, असे गव्हर्नरांनी त्यात स्वतःच्या सहीने लिहिले आहे. विरोधकांनीही विधिमंडळापुढे तेच सांगितले. उद्या एखाद्या कंपनीचा वकील ‘जात कायद्यात नाही’ असे म्हणाला, तर त्याच्यापुढे ठेवण्यास हा कागद उपयोगी आहे. सिएटल नगराने 21 फेब्रुवारी 2023 रोजी, फ्रेझ्नो नगराने त्याच वर्षी सप्टेंबरात जातीचा शब्द आपापल्या नियमांत घातला. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने तर जानेवारी 2022 मध्येच तो घातला होता. नकाराधिकार उलटविण्यास असेंब्लीत 80 पैकी 54 मते लागतात, विधेयकाला 50 मिळाली होती. हे अंतर पर्वतप्राय नाही.

तोवर करण्यासारखे काम आहे. नोकरीतील भेदभावाची तक्रार कॅलिफोर्नियाच्या नागरी हक्क विभागाकडे घटनेपासून तीन वर्षांच्या आत करता येते. संघराज्याच्या समान रोजगार आयोगाकडे या राज्यातून 300 दिवसांची मुदत आहे. प्रसंग घडला त्या दिवशीच तारीख, स्थळ, शब्द आणि उपस्थितांची नावे घरच्या वहीत लिहून ठेवावीत, कार्यालयाच्या संगणकावर नव्हे. विधिज्ञाचा सल्ला घेण्यास संकोच करू नये. आणि तक्रारीच्या अर्जात ‘वंशपरंपरा’ या प्रवर्गापुढे खूण करून, खाली घटनेचे वर्णन करावयाच्या जागेत, ‘जात’ हा शब्द स्वच्छ अक्षरांत लिहावा.