धार काढणारे हात

ब्रिस्टलहून सेव्हर्न नदीच्या अंगाने उत्तरेला निघालं की तासाभराच्या आत बर्कली नावाचं लहानसं गाव लागतं. एडवर्ड जेन्नरचं घर तिथे आहे. आता त्याचं संग्रहालय झालं आहे. बागेत एक झोपडीवजा खोली आहे. तिथे तो गावच्या गोरगरिबांना फुकट देवी टोचायचा. ब्रिस्टलला लेकीकडे, मुलाकडे राहायला जाणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनी ही खोली जरूर पाहावी, कारण त्यांच्या हातावर तिची खूण असते. देवीच्या लशीचा तो गोल, किंचित खोलगट वण. त्यांच्या नातवंडांच्या हातावर तो नसतो. देवी गेली, टोचणं थांबलं, आणि गोष्ट संपली असं आपण धरून चालतो. ती संपलेली नाही. तिचा पुढचा भाग कोल्हापूर-सोलापूरच्या गोठ्यांत घडला आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

जेन्नर पोरसवदा असताना ब्रिस्टलजवळच्या सॉडबरी इथे एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करत होता. तिथे एका गवळणीने त्याला सांगितलं की मला गायीची देवी येऊन गेली आहे, आता माणसाची देवी मला यायची नाही, अशी कथा सांगतात. ही कथा चरित्रकाराने मागाहून रंगवलेली असण्याचा संभव बराच आहे. मात्र त्या मुलखातल्या धारा काढणाऱ्यांत ही समजूत मुरलेली होती, याबद्दल शंका नाही. शेजारच्या थॉर्नबरीतल्या जॉन फ्यूस्टर या वैद्याच्या कानावर ती जेन्नरच्या आधीच आली होती. डॉर्सेटच्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर १७७४ साली गायीच्या सडावरच्या फोडातला द्रव आपल्या बायकोला आणि दोन मुलांना स्वतःच टोचला होता. गोठ्यातली ही जाण जेन्नरने पारखली, लिहून काढली आणि १७९८ साली स्वतःच्या खर्चाने छापली. एवढं करणारा तो पहिला, म्हणून मान त्याचा.

१४ मे १७९६ रोजी त्याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन चरे काढून त्यात द्रव भरला. तो द्रव आला सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातून. तिला तो फोड झाला होता ब्लॉसम नावाच्या गायीची धार काढताना. दीड महिन्याने, १ जुलैला, जेन्नरने त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. मुलाला काही झालं नाही. हा मुलगा जेन्नरच्या माळ्याचा. मालकाने मागितल्यावर माळी नाही कसं म्हणणार होता? जेन्नरचे उपकार मानताना हेही बोललं पाहिजे.

सारा नेल्म्सच्या हाताशी जरा थांबू. सड, हात, पुन्हा दुसरा सड ही त्या विषाणूची वाट. ब्लॉसमसुद्धा त्याचं मूळ घर नव्हे. गायीच्या देवीचा विषाणू वस्तीला असतो शेतातल्या उंदरांसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत. गाय आणि गवळण या त्याच्या वाटेवरच्या ओसऱ्या. आज ब्रिटनमध्ये हा रोग माणसाला होतो तो बहुधा उंदीर मारणाऱ्या मांजरांकडून. इतक्या निरनिराळ्या प्राण्यांत त्याला शिरता येतं, कारण देवीच्या विषाणूंच्या कुळात सर्वांत भरलेली जनुकांची शिदोरी त्याच्याकडे आहे. जणू किल्ल्यांचा मोठा जुडगाच. माणसाच्या देवीचा विषाणू याच कुळातला, पण त्याने एकेक किल्ली टाकून दिली आणि माणसापुरत्याच ठेवल्या. त्या त्याने अशा घासून घेतल्या की शतकानुशतकं माणसं मेली आणि वाचली त्यांचे चेहरे विद्रूप झाले, डोळे गेले. या एकनिष्ठपणातच त्याचा शेवट होता. माणसाचं दार लशीने बंद झाल्यावर त्याला जायला दुसरा गोठा नव्हता, रान नव्हतं. १९७५ साली भारतातून आणि १९८० पर्यंत जगातून तो गेला. हे भाग्य आपल्याला प्रत्येक विषाणूच्या बाबतीत लाभणार नाही.

आता लशीचा प्रवास. इंग्लंडहून समुद्रमार्गे पाठवलेली लस उन्हाने वाटेतच निकामी व्हायची. मग व्हिएन्नाच्या जाँ द कारो या डॉक्टरने ती खुष्कीने रवाना केली. इस्तंबूल, बगदाद, बसरा आणि तिथून जहाजाने मुंबई. वाटेत काही टप्प्यांत एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी ती जिवंत ठेवत आणावी लागे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. तिच्या दंडावरून पुढच्या मुलांना टोचण्यात आली, तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. एका चिमुरड्या मुलीच्या दंडावर साऱ्या हिंदुस्थानची लस उभी राहिली आणि तिचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत शोधावं लागतं, याची खंत वाटते.

पुढे दंडांची जागा वासरांनी घेतली. बेळगावच्या लस संस्थेसारख्या ठिकाणी जनावराची कातडी भादरून, तिच्यावर चरे पाडून विषाणूची लागवड व्हायची आणि ते फोड खरवडून लस काढली जायची. गायीची देवी म्हणून आपण जे वाढवत होतो ते गायीच्या देवीहून निराळंच असल्याचं विसाव्या शतकात लक्षात आलं. त्याला व्हॅक्सिनिया म्हणतात. २०१७ साली अमेरिकेतल्या १९०२च्या एका लशीतली जनुकं वाचली गेली, तेव्हा तिचा गाभा घोड्याच्या देवीशी ९९.७ टक्के जुळला. गंमत अशी की जेन्नरलाही घोड्याचा संशय होता. घोड्याच्या खुरांशी होणारा रोग मोतद्दाराच्या हातांनी गोठ्यात येतो आणि धार काढताना गायीला लागतो, असं त्याने लिहून ठेवलं होतं. पुन्हा हातच.

विषाणूला जिथे वाढवाल तिथला तो होत जातो. वासरांच्या कातडीवर काय घडत गेलं ते तेव्हा दिसायला साधन नव्हतं. २०२० साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट डोळ्यांदेखत घडली. कोविडचा विषाणू तिथे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशींत वाढवला होता. काही फेऱ्यांतच त्यातल्या काही विषाणूंनी आपल्या काट्यावरची एक खाच गाळून टाकली. माणसाच्या श्वासमार्गात शिरताना ती खाच फार उपयोगी. त्या माकडपेशींत तिचं ओझंच. ज्याच्याकडे ती नव्हती तो तिथे जोमाने वाढला. विषाणूला हेतू नसतो, बुद्धी नसते. तो स्वतःच्या असंख्य प्रती काढतो, त्यांत चुका होतात, आणि ज्या घरात तो आहे ते घर त्यातली एखादी चूक निवडून घेतं.

आणि आता आपल्या म्हशी. म्हशींच्या देवीचा विषाणू १९३४ साली लाहोरला पहिल्यांदा वेगळा काढण्यात आला. तो व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार समजला जातो, इतका तो त्याच्या जवळचा आहे. म्हशीत तो कसा गेला याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. पण नुकतीच देवी टोचलेला माणूस, दंडावरचा ओला फोड, खाजवलेला हात आणि पहाटेची धार हे सगळं एका रांगेत ठेवलं की वाट दिसते. रोग जनावरांकडून माणसाकडे येतो असं आपण सहज म्हणतो. इथे बहुधा माणसानेच तो जनावराच्या कासेत ठेवला. ब्राझीलमध्येही लसमोहिमा संपल्यावर, १९९९ पासून, दुभत्या गायींत आणि त्यांच्या धारा काढणाऱ्यांत व्हॅक्सिनियाचे वंशज सापडत आले आहेत.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोलापूर जिल्ह्यातल्या कासेगावचे १६६ आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या २१ गावांमधले १८५ रुग्ण नोंदले आहेत. म्हशींच्या सडांवर, कासेवर फोड, काहींच्या कानांवर आणि पापण्यांवर. माणसांच्या हातांवर फोड, अंगात ताप, काखेत आणि जांघेत आलेल्या गाठी. या रोगाने माणूस दगावत नाही. पण सड दुखतो म्हणून म्हैस लाथ झाडते, पान्हा चोरते, मागोमाग कासदाह होतो, आणि ज्या घरात दुधाच्या पगारावर महिन्याचा किराणा येतो तिथे या दुखण्याला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय देवीच्या लशीचा वण असलेली पिढी आता पन्नाशीकडे झुकली आहे किंवा ती ओलांडून गेली आहे. या कुळातल्या विषाणूंपुढे आज धार काढायला बसणारी सून लशीविना उघडी आहे. याच कुळातल्या एमपॉक्ससाठी जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ आणि २०२४ असं दोनदा आणीबाणी जाहीर करावी लागली, त्यामागच्या कारणांत हेही एक मानलं जातं.

कासेची वाट इतर विषाणूंनाही सापडते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत एच५एन१ हा पक्ष्यांचा फ्लू आढळला. हा विषाणू २००६ साली आपल्या नवापुरात कोंबड्यांत आला होता. गायीच्या कासेतल्या पेशींवर त्याला धरायला हव्या त्या कड्या भरपूर निघाल्या. न तापवलेल्या दुधात तो सापडला, एका गायीच्या सडाचं यंत्र दुसरीला लावताना पसरला. तिथे माणसातल्या आजाराची पहिली खूण दिसली ती डेअरीतल्या एका कामगाराच्या लाल झालेल्या डोळ्यांत. सारा नेल्म्सनंतर सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा धार काढणाऱ्याच्याच अंगावर.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच की पाहणी इथून सुरू झाली पाहिजे. नागपूरला राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. माणूस, जनावर आणि रान यांचं आरोग्य एकत्र पाहायचं हा तिचा उद्देश आहे आणि तो अगदी योग्य आहे. पण गावात जनावरांचा दवाखाना वेगळा, प्राथमिक आरोग्य केंद्र वेगळं, दोन्हींची रजिस्टरं वेगळी, आणि खातीही वेगळी. म्हशीला फोड आले तर ते एका वहीत लिहिले जातात, तिच्या मालकिणीला आले तर दुसरीत, आणि बहुतेकदा कुठेच नाही; बाई हळद लावते आणि दुसऱ्या दिवशी त्याच हाताने धार काढते. तिला कुणी विचारलेलं नसतं. विचारलं तर सांगायची तिला धास्ती असते, कारण डेअरीने दूध नाकारलं तर पगार बुडेल. ती धास्ती घालवायची असेल तर बुडालेल्या दुधाची भरपाई आधी जाहीर करावी लागेल. कोंबड्या मारल्या तर सरकार भरपाई देतं, मग आठ-पंधरा दिवसांच्या दुधाची द्यायला काय हरकत आहे?

यंत्रं, प्रयोगशाळा, जनुकवाचन हवंच. त्याचा उपयोग नमुना हाती आल्यावर. नमुना येतो प्रश्न विचारल्यावर. बोटावर फोड घेऊन आलेल्या बाईला आरोग्य केंद्रात मलम देण्याआधी विचारायला हवं, “मावशी, घरी म्हैस आहे का? तिचे सड बघितलेत का?” आणि म्हशीचे सड तपासून उठणाऱ्या पशुवैद्याने गोठ्यातल्या माणसांना म्हणायला हवं, “धार कोण काढतं? जरा हात दाखवा बघू.”